ताऱ्याचा वारा आणि क्ष-किरणांची साक्ष



ह्या व्यासपीठावरून मी कामगारांच्या प्रश्नांवर बोलेन, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असणार. फाउंड्री कामगारांची युनियन बांधण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने ताऱ्यांविषयी बोलावे हे थोडे चमत्कारिकच आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतरच्या वेळात. तेव्हा अधिकारवाणीने मी काही सांगणार नाही. जो इतिहास वाचताना मला आनंद झाला, आणि ज्याने माझ्याच कामातली एक गोष्ट मला नीट समजावून दिली, तो आपल्यापुढे मांडणार आहे.

क्ष-किरणांशी माझी ओळख झाली ती दवाखान्यात. फाउंड्रीतल्या साच्याच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत जाते आणि फुफ्फुसात बसते. अशा कामगारांच्या छातीचे फोटो मी किती हाताळले असतील त्याची गणती नाही. एका डॉक्टरांनी मला ते खिडकीच्या उजेडात धरून वाचावयास शिकवले. जिथून किरण पार गेले तिथे काळे, जिथे अडले तिथे पांढरे. हवेने भरलेले फुफ्फुस काळे दिसते, बरगडी पांढरी दिसते, आणि त्या काळ्यावर जे बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात त्या धुळीने झालेल्या गाठी. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही ती तिने अडवलेल्या किरणांवरून ओळखावयाची, अशी ही युक्ती आहे. एका दूरच्या ताऱ्याभोवतीचा वारा ओळखण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी हीच युक्ती वापरली. त्या शोधाची हकीकत हा आजचा विषय.

हवेच्या वरचे आकाश

प्रथम ही जागा आकाशात कोठे आहे ते सांगतो. चैत्र-वैशाखात अंधार दाटल्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. नैर्ऋत्येस क्षितिजाजवळ अगस्त्य मावळतीस आलेला असतो. त्याच्या डावीकडे आणि बराच वर, जुन्या युरोपीय खगोलज्ञांनी कल्पिलेल्या जहाजाची शिडे आहेत. लॅटिन भाषेत शिडांना ‘व्हेला’ म्हणतात, आणि तेच त्या तारकासमूहाचे नाव. ह्या समूहात एचडी 77581 अशा यादीतल्या क्रमांकाने ओळखला जाणारा एक निळसर तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण साध्या दुर्बिणीतून दिसतो. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. बराच काळ तो यादीतल्या हजारो नावांपैकी एक होता. त्याच्यात काही विशेष आहे, हे कळण्यासाठी माणसाला हवेच्या वर जावे लागले.

कारण असे की, आकाशातून येणारे क्ष-किरण आपल्या वातावरणातच शोषले जातात. आपल्या जिवाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. खगोलशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती बंद खिडकी होती. 18 जून 1962 रोजी मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून एक छोटा अग्निबाण उडाला. रिकार्दो जियाकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रूनो रॉसी ह्या चौघांचा तो प्रयोग. सूर्याच्या क्ष-किरणांनी चंद्राची जमीन चमकते का, ते पाहावयाचे होते. अग्निबाण 80 किलोमीटरांच्या वर जेमतेम सहा मिनिटे होता. चंद्र राहिला बाजूला, आणि वृश्चिक राशीच्या बाजूने क्ष-किरणांचा एक जोरदार झोत मिळाला. सूर्यमालेच्या बाहेरचा सापडलेला हा पहिला क्ष-किरणस्रोत. चाळीस वर्षांनी, 2002 साली, जियाकोनींना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे मूळ ह्या सहा मिनिटांत आहे.

पुढची आठ वर्षे संशोधन अग्निबाणांवर आणि बलूनांवरच चालले. अग्निबाण वर जातो आणि खाली पडतो. त्याला जे दिसते ते काही मिनिटांचे. तेवढ्या वेळात स्रोत आहे एवढे कळते. तो दिवसभरात, आठवड्यात कसा वागतो ते कळत नाही. एखाद्या कारखान्याला पाच मिनिटे भेट देऊन तिथल्या कामाची स्थिती सांगण्यासारखेच ते आहे. ही अडचण दूर झाली 12 डिसेंबर 1970 रोजी. केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात इटलीने उभारलेल्या तळावरून केवळ क्ष-किरणांसाठी बनवलेला पहिला उपग्रह सोडण्यात आला. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा सातवा वाढदिवस. म्हणून प्रकल्पाच्या प्रमुख मार्जोरी टाउनसेंड ह्यांच्या सूचनेवरून उपग्रहाचे नाव ठेवले ‘उहुरू’. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘स्वातंत्र्य’.

उहुरूने 1971 साली नरतुरंग तारकासमूहातील सेंटॉरस एक्स-3 हा स्रोत तपासला. त्याचे क्ष-किरण दर 4.8 सेकंदांनी नाडीसारखे ठोके देत होते, आणि सुमारे 2.1 दिवसांनी काही तास लुप्त होत होते. ठोके म्हणजे स्वतःभोवती फिरणारी एखादी लहान वस्तू. लुप्त होणे म्हणजे एखाद्या मोठ्या ताऱ्याच्या आड जाणे. तात्पर्य, ही जोडी होती. एक मोठा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा.

न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना तोपर्यंत चाळीस वर्षांची झाली होती. 1930 च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले. त्या बोटीच्या प्रवासात त्यांनी मांडलेल्या गणितातून असे निघाले की, विझत चाललेला तारा ठराविक वजनापेक्षा जड असेल तर तो श्वेतबटूच्या अवस्थेत टिकू शकत नाही. 1932 साली चॅडविक ह्यांना न्यूट्रॉन सापडला. 1934 साली बाडे आणि झ्विकी ह्यांनी सुचवले की, मोठ्या ताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा मागे न्यूट्रॉनांचा घट्ट गोळा उरत असावा. सूर्याहून अधिक वजन, आणि व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या शहराएवढा. 1967 साली जोसेलिन बेल ह्यांना रेडिओ दुर्बिणीने पहिला स्पंदक सापडला, आणि त्यानंतर ह्या कल्पनेवर कोणी हसेनासे झाले.

शिडातली जोडी

आता आपल्या ताऱ्याकडे येऊ. व्हेला समूहातला क्ष-किरणस्रोत 1967 साली अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतील मंडळींना अग्निबाणाच्या उड्डाणात सापडला. त्याचे नाव पडले व्हेला एक्स-1. उपग्रहांनी त्याची जागा अधिक नेमकी ठरवल्यावर, 1972 साली, तिथे आपला एचडी 77581 हा निळा महाकाय तारा असल्याचे लक्षात आले. जोडीचा फेरा 8.96 दिवसांचा निघाला. प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ पावणेदोन दिवस क्ष-किरणांना ग्रहण लागते. 1975 साली सोडलेल्या एसएएस-3 ह्या उपग्रहाच्या निरीक्षणांतून मॅक्लिंटॉक आणि सहकाऱ्यांनी 1976 साली दाखवून दिले की, ह्या स्रोतालाही ठोके आहेत. पण ते संथ; दर 283 सेकंदांनी एक. न्यूट्रॉन तारा आपल्या बाजूला असला की ठोके लवकर पोहोचतात, पलीकडे गेला की उशिरा. हा फरक दोन्ही बाजूंनी 113 सेकंदांपर्यंत जातो. त्यावरून प्रदक्षिणेचा मार्ग मापता आला.

मोठा तारा सूर्याच्या वीस-पंचवीस पट जड आणि त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे तीस पट. न्यूट्रॉन तारा सूर्याच्या पावणेदोन ते दोन पट जड. तो मोठ्या ताऱ्याच्या पृष्ठभागापासून त्या ताऱ्याच्या त्रिज्येहूनही कमी अंतरावरून फिरतो, आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर आहे. एवढ्या जवळून फिरणाऱ्याला वाऱ्याची झळ लागल्यावाचून राहत नाही. तो वारा कसला, ते आता पाहू.

वारा आणि सरवा

सूर्यातूनही कणांचा वारा वाहतो, पण तो अगदी विरळ. निळ्या महाकाय ताऱ्यांचा वारा त्याच्या कोट्यवधी पट दाट. 1965 साली डोनाल्ड मॉर्टन ह्यांनी अग्निबाणातून मृग नक्षत्रातील बाणाच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश टिपला. त्या प्रकाशाच्या रेषा सरकलेल्या होत्या. ताऱ्यापासून आपल्याकडे सेकंदाला हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने वायू येत असला, तरच त्या तशा दिसतील. एवढ्या जोराने वायूला ढकलते कोण? उत्तर आहे, प्रकाश. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, लोखंड ह्यांचे अणू विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषतात आणि त्याचा धक्का खातात. धक्क्याने वेग वाढला की त्यांच्या वाट्याचा रंग किंचित सरकतो, आणि वाटेत कोणी न शोषलेला ताजा प्रकाश त्यांना मिळतो. पुन्हा धक्का, पुन्हा वेग. ह्या क्रियेचे पद्धतशीर गणित कॅस्टर, अ‍ॅबट आणि क्लाइन ह्या तिघांनी 1975 साली मांडले, आणि पुढील सर्व काम त्या पायावर उभे राहिले.

एचडी 77581 ह्या वाऱ्यापायी दर दहा लाख वर्षांत साधारण एका सूर्याएवढे द्रव्य गमावतो. न्यूट्रॉन तारा त्या वाऱ्यातून फिरताना आपल्या गुरुत्वाकर्षणाने थोडे द्रव्य ओढून घेतो. शेतातले पीक कापून नेल्यावर मागे राहिलेली कणसे वेचतात त्याला आपण सरवा म्हणतो. न्यूट्रॉन तारा हा ह्या वाऱ्याचा सरवा वेचणारा. त्याच्या पदरात पडतो तो काही हजारांतला एक भाग. पण तेवढाही सेकंदाला दीड-दोन हजार कोटी टनांच्या घरात जातो. हे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने त्याच्या ध्रुवांवर, प्रकाशाच्या निम्म्या वेगाने आदळते. त्या तडाख्यात जी उष्णता निर्माण होते ती क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते. आपला सूर्य सर्व प्रकारच्या प्रकाशात मिळून जेवढी ऊर्जा टाकतो, त्याच्या सुमारे हजार पट ऊर्जा ही वीस-पंचवीस किलोमीटरांची वस्तू टाकते.

वाहत्या वायूतून जाणारा तारा किती द्रव्य वेचील, ह्याचे गणित हॉयल आणि लिटलटन ह्यांनी 1939 साली आणि बाँडी व हॉयल ह्यांनी 1944 साली केले होते. तेव्हा क्ष-किरणस्रोतांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. 1973 साली डेव्हिडसन आणि ऑस्ट्रायकर ह्यांनी ते गणित ह्या जोड्यांना लावले. त्यात एक मर्म आहे. वारा जितका वेगवान तितके न्यूट्रॉन ताऱ्याचे जाळे लहान. वेग निम्मा झाला तर जाळ्याचे क्षेत्रफळ सोळापट होते. म्हणजे वेगाच्या मोजमापात थोडी चूक झाली तर वेचणीच्या हिशेबात फार मोठी चूक होते. आणि वेगाचे आकडे पाहा: 1980 च्या सुमारास ह्या वाऱ्याचा अंतिम वेग सेकंदाला 1700 किलोमीटर मानला गेला, पुढे 1100, आणि अलीकडच्या विश्लेषणांत 600 ते 700. ज्यांनी पहिला आकडा दिला ते अडाणी नव्हते. त्यांनी आपली साधने, आपली गृहीते, सारे छापून ठेवले होते. म्हणूनच पुढच्यांना ते तपासता आले.

वाऱ्यात टांगलेला दिवा

आता छातीच्या फोटोची आठवण ठेवा. न्यूट्रॉन तारा म्हणजे वाऱ्याच्या आत टांगलेला क्ष-किरणांचा दिवा. तो नऊ दिवसांत ताऱ्याभोवती फिरतो. आपण एका जागी बसून त्याच्याकडे पाहतो. त्याच्या आणि आपल्यामध्ये वाऱ्याचा जो भाग येतो तो रोज निराळा. म्हणजे निसर्गानेच नऊ दिवसांत निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढण्याची सोय करून ठेवली आहे. सौम्य क्ष-किरण वाऱ्यात लवकर शोषले जातात, कठोर किरण पार जातात. दोहोंचे प्रमाण पाहिले की मध्ये किती द्रव्य आले ते कळते.

ह्या कामात जपानी शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. 1983 साली सोडलेल्या ‘तेनमा’ ह्या उपग्रहातून नागासे आणि सहकाऱ्यांनी ह्या जोडीची निरीक्षणे केली, आणि ती 1986 साली प्रसिद्ध झाली. वारा सगळीकडे सारखा असता, तर ग्रहणाच्या आधी आणि ग्रहणानंतर शोषण सारखेच दिसावयास हवे होते. तसे दिसले नाही. फेऱ्याच्या पूर्वार्धात दिवा बराच स्वच्छ दिसे. उत्तरार्धात त्याच्यापुढे दाट पडदा येई. न्यूट्रॉन ताऱ्याच्या मागे, बोटीमागे पाण्यात रेषा उठते तशी दाट वायूची शेपटी ओढली जाते, आणि फेऱ्याच्या उत्तरार्धात ती आपल्या दृष्टीच्या आड येते. 1990 च्या सुमारास संगणकावर केलेल्या गणितांतही ही शेपटी उमटली.

शिवाय दिवा नुसता वारा दाखवत नाही, तो वारा बिघडवतोही. क्ष-किरणांच्या माऱ्याने अणूंचे इलेक्ट्रॉन उडून जातात, आणि अतिनील प्रकाशाचा धक्का झेलण्याची त्यांची शक्ती नाहीशी होते. धक्का नाही म्हणजे वेग नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या आसपास वारा मंदावतो. मंद वाऱ्यातून सरवा अधिक मिळतो. सरवा अधिक म्हणजे क्ष-किरण अधिक. ह्या साखळीचा पुरता उलगडा करणे फार अवघड काम आहे.

ग्रहणातला उजेड

सर्वांत मोलाची साक्ष मिळाली ती दिवा झाकला गेला तेव्हा. खग्रास सूर्यग्रहणात सूर्यबिंब झाकले की त्याच्याभोवतीचे तेजोवलय दिसते. तसेच इथे. न्यूट्रॉन तारा मोठ्या ताऱ्याच्या आड गेला की त्याचा थेट झगझगाट थांबतो, आणि वाऱ्यावर पडून परतलेला मंद उजेड उरतो. 1993 साली सोडलेल्या ‘आस्का’ ह्या जपानी उपग्रहाने हा ग्रहणातला उजेड टिपला. साको, लीडाल, कान आणि पेरेल्स ह्यांनी 1999 साली त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

त्यांना दोन प्रकारच्या रेषा एकाच वेळी दिसल्या. काही रेषा निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन ह्यांच्या जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या होत्या. असे अणू फक्त विरळ वायूत, क्ष-किरणांच्या सपाट्यात सापडतात. बाकीच्या रेषा सिलिकॉन, गंधक, लोखंड ह्यांच्या जवळजवळ शाबूत अणूंच्या होत्या. ते फक्त दाट आणि थंड वायूत टिकू शकतात. एकसारख्या पसरलेल्या वाऱ्यात दोन्ही एकत्र असणे शक्य नाही. निष्कर्ष एकच निघत होता: वारा एकसारखा नाहीच. जागेच्या दृष्टीने पाहिले तर शेकडा 95 हून अधिक भाग विरळ, तप्त वायूने भरलेला. पण बहुतेक वजन लहान लहान दाट पुंजक्यांत साठलेले. काळ्या फुफ्फुसावर पांढरे ठिपके असावेत तसे.

प्रकाशाच्या धक्क्यावर चालणारा वारा मुळातच अस्थिर असतो, त्यात गोळे बनतात, अशी गणिते 1980 च्या दशकात झाली होतीच. पण व्हेला एक्स-1 मधला दिवा वाऱ्याच्या आत होता, आणि त्याच्या उजेडात पुंजके साक्षात पकडता आले. 1999 साली सोडलेल्या, चंद्रशेखरांचेच नाव दिलेल्या ‘चंद्रा’ वेधशाळेने पुढे ह्या रेषा अधिक बारकाईने वेगळ्या करून दाखवल्या.

पुंजके असले काय आणि नसले काय, एकूण द्रव्य तेवढेच ना, असे कोणी म्हणेल. इथेच खरी गंमत आहे. वाऱ्याचे वजन काढण्याची एक नेहमीची रीत त्यातून निघणाऱ्या प्रकाशावर अवलंबून होती. तो प्रकाश निघतो दोन कण एकमेकांना भेटल्यावर, म्हणून तो घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चार खोल्या घ्या, आणि आठ माणसे. प्रत्येक खोलीत दोन बसवली तर दोनाचा वर्ग चार, चार खोल्यांचे मिळून सोळा. आता तीच आठ माणसे एका खोलीत कोंबा: आठाचा वर्ग चौसष्ट. माणसे तितकीच, पण प्रकाश चौपट. हा प्रकाश बाहेरून पाहणारा आणि माणसे सारखी वाटलेली आहेत असे धरून चालणारा म्हणेल, आत सोळा माणसे आहेत. महाकाय ताऱ्यांच्या वाऱ्यांचे जुने आकडे ह्याच कारणाने फुगलेले निघाले. ते दोन-तीन पटींनी, आणि काहींच्या मते त्याहूनही अधिक कमी करावे लागले. तारा आयुष्यभर किती द्रव्य गमावतो ह्यावर शेवटी त्याचा न्यूट्रॉन तारा होणार की कृष्णविवर, हे पुष्कळसे अवलंबून असते. एका सरासरीच्या चुकीवर ताऱ्याचे भवितव्य टांगलेले होते.

उरलेले वाद

सर्व काही सुटले, असे मी सांगणार नाही. 2002 साली सोडलेल्या ‘इंटिग्रल’ उपग्रहाने ह्या स्रोताची लहर दाखवून दिली. कधी तो काही तास नेहमीच्या कितीतरी पट भडकतो, तर कधी एकाएकी मंदावून काही ठोक्यांच्या काळापुरता जवळजवळ दिसेनासा होतो. मोठा पुंजका गिळला की भडका आणि दोन पुंजक्यांमधल्या पोकळीत शिरला की अंधार, असे स्पष्टीकरण प्रथम पुढे आले. परंतु अलीकडच्या संगणकी गणितांत पुंजके तितके मोठे निघत नाहीत. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र दाराप्रमाणे उघडमीट करत असावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही थोडेथोडे खरे असण्याचाही संभव आहे.

ह्या शास्त्रात आपल्या देशाचे आणि आपल्या मुंबई-पुण्याचेही नाव आहे, हे सांगितलेच पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून बलून उडवून आकाशातल्या क्ष-किरणांचा वेध घेऊ लागले. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही भारताची वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरील क्ष-किरण मोजणारी मोठी यंत्रे टाटा संस्थेत घडली, आणि पुण्याच्या ‘आयुका’चाही त्या कामात वाटा होता. ती यंत्रे घडवणाऱ्या कर्मशाळेतल्या हातांची नावे शोधनिबंधांत येत नाहीत. ह्या इतिहासात त्यांचीही गणना व्हावी, एवढे म्हणण्याचा माझ्यासारख्याला हक्क आहे.

समारोप

आता सुरुवातीला दिलेले वचन पुरे करतो. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत आमच्या मागणीवरून धुळीची मोजणी झाली. अहवाल आला. खात्यातल्या धुळीची सरासरी मर्यादेच्या आत होती. खाली सही, शिक्का, सारे रीतसर. मी तो अहवाल उलटसुलट वाचला. आकडा खोटा होता असे मला आजही म्हणता येणार नाही. पण निवलेला साचा फोडून वाळू झाडण्याची जी जागा असते, तिथे वीस वर्षे उभा राहिलेला आमचा एक सभासद होता. त्याच्या छातीचा फोटो माझ्या पिशवीत होता, आणि त्यावरचे ठिपके कोणत्याही सरासरीत बसत नव्हते. ऑफिसच्या दाराजवळची स्वच्छ हवा आणि त्याच्या नाकासमोरची धूळ एकत्र मिसळून तो आकडा निघाला होता. माणूस श्वास घेतो तो सरासरी हवेचा नव्हे. तो उभा असतो त्या जागेच्या हवेचा.

त्या वेळी मला हे नीट शब्दांत मांडता आले नव्हते. साहेबांपुढे मी रागाने बोललो, आणि राग हा पुरावा होत नाही. पुढे वाचनालयात व्हेला एक्स-1 ची हकीकत वाचताना चार खोल्यांचे गणित कळले, आणि आमची मागणी आम्ही बदलली: खात्याची सरासरी नको, प्रत्येक जागेची, प्रत्येक पाळीची मोजणी द्या. दोन वर्षे लागली. साचे फोडण्याच्या जागेवर धूळ ओढून घेणारे पंखे बसले. त्या सभासदाला त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्या मुलांना झाला.

ताऱ्यांच्या अभ्यासाने कामगारांचे प्रश्न सुटतात, असा भलता दावा मी करत नाही. शिवाय दोहोंत एक फरकही आहे. खगोलशास्त्रज्ञांनी ‘वारा एकसारखा मानला आहे’ हे आपल्या गणिताच्या आरंभीच लिहून ठेवले होते, म्हणून साक्ष मिळताच ते दुरुस्त करता आले. आमच्या अहवालात मोजमाप कोठे कोठे घेतले ते लिहिलेलेच नव्हते. गृहीत चुकणे हा गुन्हा नाही, पण ते झाकून ठेवले की चूक दुरुस्त होण्याची वाटच बंद होते.

सभा संपल्यावर घरी जाताना आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेकडे एकदा पाहा. अगस्त्याच्या डावीकडे, शिडांच्या त्या समूहात, आपल्या डोळ्यांना न दिसणारा तो दिवा दर 283 सेकंदांनी एक ठोका देतो आहे. आपण इथून घरी पोहोचेपर्यंत त्याचे चार-पाच ठोके पडलेले असतील.